मूळ ग्रीकमधून तत्त्वज्ञानाचे वाचन : प्लेटोच्या 'युथिफ्रो' संवादाच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :

आपल्या महाविद्यालयांतून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू होतो तो ग्रीक विचारवंतांपासून. सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल ही नावे पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांच्या कानावर पडतात. परंतु या विचारवंतांचे शब्द मात्र कानावर पडत नाहीत. प्राध्यापक इंग्रजी भाषांतर वाचतात, त्याचा आशय मराठीत सांगतात आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. म्हणजे मूळ विचार दोन उंबरे ओलांडून आपल्यापर्यंत येतो. या प्रवासात काय गळून पडते, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

प्रस्तुत लेखकाला ही चौकशी करणे भाग पडले ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. प्लेटोचा 'युथिफ्रो' हा संवाद वर्गात शिकवीत असताना त्यातील मध्यवर्ती युक्तिवाद फळ्यावर मांडला होता. 'एखादी वस्तू पाहिली जाते म्हणून ती पाहिली जाणारी असते. ती पाहिली जाणारी असते म्हणून पाहिली जात नाही', असे ते विधान होते. विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही दोन्ही वाक्ये एकच नाहीत का?" त्या दिवशी या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हाताशी असलेल्या इंग्रजी भाषांतरांतही ही दोन वाक्ये जवळजवळ एकच वाटत होती. आपण कित्येक वर्षे हा युक्तिवाद केवळ विश्वासावर शिकवीत आलो, ही जाणीव अस्वस्थ करणारी होती. त्यानंतर ग्रीक शिकण्यास जो प्रारंभ केला, तो याच संवादाचे मूळ शब्द समोर ठेवून केला.

तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचत वाचतच प्राचीन ग्रीक शिकणे ही पद्धती कितपत योग्य आहे, तिचे लाभ कोणते व धोके कोणते, आणि मराठी व संस्कृत जाणणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे वेगळे महत्त्व आहे काय, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रीक अध्यापनाची परंपरा :

ग्रीक शिकविण्याच्या पद्धतींमध्ये स्थूलमानाने दोन प्रवाह दिसून येतात. पहिला प्रवाह 'आधी व्याकरण, मग ग्रंथ' असा आहे. नामांची व क्रियापदांची रूपे पाठ करावयाची, रचलेली सुटी वाक्ये सोडवावयाची आणि नंतर एखाद्या सोप्या गद्य लेखकाकडे वळावयाचे. दीर्घकाळ हा पहिला लेखक झेनोफन असे. जॉन विल्यम्स व्हाइट यांचे १८९६ मधील प्राथमिक पुस्तक त्याच्या 'अनाबासिस'च्या वाचनाची तयारी करून घेणारे आहे. आपल्याकडे डॉ. रा. गो. भांडारकरांच्या 'मार्गोपदेशिके'वर ज्या पिढ्या संस्कृत शिकल्या, त्यांना ही पद्धती परकी वाटणार नाही.

दुसरा प्रवाह ग्रंथालाच अग्रस्थान देतो. क्लाइड फार यांनी १९२० मध्ये ग्रीकचा प्रारंभ थेट होमरपासून करावा, असा आग्रह धरून त्याप्रमाणे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रीडिंग ग्रीक' या पाठ्यक्रमाने मूळ ग्रंथांवर आधारलेले सलग उतारे पहिल्या पाठापासूनच विद्यार्थ्यासमोर ठेवले. शिकणाऱ्याला ज्या ग्रंथाची ओढ आहे, तो ग्रंथच त्याचा खरा शिक्षक होय, ही या प्रवाहामागील धारणा आहे.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला सैन्याच्या कूचाची वर्णने वाचण्यात विशेष रस नसतो. त्याला प्लेटो हवा असतो. 'युथिफ्रो' हा त्यासाठी सोयीचा संवाद आहे. स्तेफानुसच्या १५७८ मधील आवृत्तीच्या पृष्ठांकांनुसार तो दुसऱ्या पृष्ठापासून सोळाव्या पृष्ठापर्यंतच आहे. पात्रे दोनच आहेत, भाषा बोलचालीची आहे आणि विषय एकच आहे.

पहिले पान : शब्दांची शिस्त

संवादाचा प्रसंग इ. स. पूर्व ३९९ मधील आहे. सॉक्रेटिसवर अधर्माचरणाचा आरोप ठेवला गेला आहे आणि त्या संदर्भात तो 'राजा' या पदनामाच्या अधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आला आहे. तेथे त्याला युथिफ्रो भेटतो. तुझाही काही 'दिके' चालू आहे काय, असे युथिफ्रो विचारतो. आपल्या प्रकरणाला अथेन्सचे लोक 'दिके' नव्हे तर 'ग्राफे' म्हणतात, अशी दुरुस्ती सॉक्रेटिस करतो.

भाषांतर वाचणारा येथे थांबत नाही. मूळ वाचणाऱ्याला थांबावेच लागते. 'दिके' म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अथवा त्याच्या नातलगांनी चालविण्याचा दावा. 'ग्राफे' म्हणजे कोणाही नागरिकाला दाखल करता येणारा सार्वजनिक अभियोग. आपण सवयीने 'दिवाणी' आणि 'फौजदारी' असे शब्द योजू लागलो की फसगत होते. अथेन्समध्ये मनुष्यवधाचा खटलादेखील 'दिके'च होता. युथिफ्रो स्वतः आपल्या पित्यावर मनुष्यवधाचा असाच दावा लावण्यासाठी आला आहे, आणि ज्याच्या मृत्यूबद्दल तो दावा आहे तो त्याचा नातलग नसून मोलमजुरी करणारा माणूस आहे. त्यामुळे त्याचे कृत्य त्याच्या घरच्यांना विपरीत का वाटते, हे त्या एका शब्दाने उलगडते. पहिल्याच पानावर शब्दकोश उघडावा लागणे हा या पद्धतीतील अडथळा मानला जातो. वस्तुतः तोच तिचा पहिला लाभ आहे. शब्दाला शब्द ठेवून पुढे सरकण्याची सवय येथेच मोडते.

युक्तिवादाचे व्याकरण :

आता मूळ प्रश्नाकडे वळू. युथिफ्रोने दिलेल्या एका व्याख्येनुसार 'होसिऑन', म्हणजे पवित्र किंवा धर्म्य, ते होय जे सर्व देवांना प्रिय असते. त्यावर सॉक्रेटिस प्रसिद्ध प्रश्न विचारतो : धर्म्य गोष्ट धर्म्य आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून ती धर्म्य ठरते? युथिफ्रोला प्रश्न कळत नाही. तेव्हा दहाव्या पृष्ठावर सॉक्रेटिस वाहून नेणे, हाकून नेणे व पाहणे या तीन क्रियांची उदाहरणे घेतो.

या उदाहरणांत ग्रीक भाषा दोन वेगळी रूपे वापरते. 'फेरेताइ' हे कर्मणि प्रयोगातील क्रियापद आहे : 'ते वाहून नेले जाते'. 'फेरोमेनॉन' हे त्याच धातूचे कर्मणि वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण आहे : 'वाहून नेले जाणारे'. पहिले रूप घडणारी क्रिया सांगते. दुसरे रूप त्या क्रियेमुळे वस्तूला लाभलेली अवस्था सांगते. सॉक्रेटिसचे म्हणणे एवढेच आहे की, क्रिया हे कारण आहे आणि अवस्था हे तिचे कार्य आहे. इंग्रजीत कर्मणि क्रियापद सहायक क्रियापद व भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडीनेच बनते. त्यामुळे दोन्ही रूपे एकमेकांत मिसळतात आणि भाषांतरकाराला 'अवस्था', 'वस्तू' असे मुळात नसलेले शब्द घालून भेद उभा करावा लागतो. आमच्या विद्यार्थिनीला दोन्ही वाक्ये एकच वाटली, ती तिच्या आकलनाची उणीव नव्हती.

ज्याने शाळेत संस्कृत घेतले आहे, त्याला मात्र ग्रीकचे हे स्थळ परिचित वाटेल. 'फेरेताइ' म्हणजे 'भ्रियते' आणि 'फेरोमेनॉन' म्हणजे 'भ्रियमाणम्'. येथे केवळ अर्थसाम्य नाही. ग्रीक 'फेर्' व संस्कृत 'भृ' हे धातू एकाच मूळ धातूपासून आले आहेत, आणि ग्रीकचा 'मेनॉस' हा प्रत्यय व पाणिनीच्या परिभाषेतील 'शानच्' प्रत्ययाने येणारे 'मान' हे रूप परस्परांचे सगोत्र आहेत. 'दृश्यते' आणि 'दृश्यमानम्' यांतील भेद जो जाणतो, त्याला सॉक्रेटिसचे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. 'यद् दृश्यते तद् दृश्यमानं भवति, न तु दृश्यमानत्वाद् दृश्यते', एवढे म्हटले की काम भागते.

मराठीत हाच मुद्दा घरगुती उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखादा शिक्षक विद्यार्थ्यांना आवडतो म्हणून तो 'विद्यार्थिप्रिय' ठरतो. तो विद्यार्थिप्रिय असतो म्हणून आवडतो, असे म्हणणे व्यर्थ आहे. परंतु विद्वान शिक्षक विद्यार्थ्यांना आवडतो म्हणून विद्वान ठरत नाही. तो विद्वान असतो म्हणून आवडतो. तेव्हा प्रत्येक विद्वान शिक्षक विद्यार्थिप्रिय आणि प्रत्येक विद्यार्थिप्रिय शिक्षक विद्वान असला तरी 'विद्वान' आणि 'विद्यार्थिप्रिय' या शब्दांचा अर्थ एक होत नाही, कारण दोहोंतील 'म्हणून'ची दिशा उलट आहे. सॉक्रेटिस 'होसिऑन' आणि 'थेओफिलेस' (देवप्रिय) यांविषयी हेच दाखवून देतो. युथिफ्रोने धर्म्याची 'ऊसिआ' सांगितली नाही, केवळ त्याचा एक 'पाथॉस' सांगितला, असा त्याचा निष्कर्ष आहे. 'ऊसिआ' हा 'असणे' या अर्थाच्या धातूच्या धातुसाधितापासून बनलेला भाववाचक शब्द आहे. आपल्या 'सत्' वरून झालेल्या 'सत्ता' व 'सत्त्व' या शब्दांची घडण अशीच आहे. 'पाथॉस' म्हणजे वस्तूच्या वाट्याला आलेली गोष्ट. पुढे ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत भारदस्त पारिभाषिक संज्ञा बनलेला 'ऊसिआ' हा शब्द येथे साध्या संभाषणात भेटतो. संज्ञा कशी जन्माला येते, हे पाहण्याचा हा अनुभव भाषांतर देऊ शकत नाही.

याच प्रकारे 'इदेआ' आणि 'एइदॉस' हे शब्दही या संवादात येतात. दोन्ही 'पाहणे' या अर्थाच्या मूळ धातूपासून आले असून आपल्या 'विद्' धातूचे ते नातलग आहेत. 'आयडिया' या इंग्रजी शब्दावरून आपण 'कल्पना' असे भाषांतर केले, तर मनाने रचलेली गोष्ट असा अर्थ निघेल. प्लेटोच्या शब्दात मनाने रचण्याचा भाव नाही. वस्तूचे जे 'दिसते' ते रूप, हा त्याचा मूळ अर्थ आहे. या एका शब्दाच्या भाषांतराने प्लेटो वास्तववादी ठरतो की कल्पनावादी, याचा निकाल लागू शकतो.

दोन सेवा आणि एक शिलालेख :

संवादाच्या उत्तरार्धात देवांची 'थेरापेइआ' म्हणजे धर्म्य आचरण, अशी व्याख्या पुढे येते. सॉक्रेटिस विचारतो की घोडे, कुत्रे आणि गुरे यांचीही थेरापेइआ करतात व तिने ती सुधारतात. मग आपल्या थेरापेइआने देव सुधारतात काय? इंग्रजीत कधी 'काळजी' तर कधी 'सेवा' या अर्थाचा शब्द योजावा लागतो आणि विनोदाची धार बोथट होते. मराठीत 'गोसेवा', 'रुग्णसेवा' आणि 'देवसेवा' हे तिन्ही शब्द एकाच 'सेवा' या पदाने बनतात. सेवेने गाय धष्टपुष्ट होते, रुग्ण बरा होतो. देवाचे काय होते? प्रश्न मराठीत जशाच्या तसा उभा राहतो. भाषांतराची अडचण भाषेगणिक बदलते, हे यावरून ध्यानात यावे. इंग्रजीच्या अडचणी आपण आपल्याच समजून बसलो आहोत.

याला एक ऐतिहासिक बाजूही आहे. १९५८ मध्ये कंदाहार येथे सम्राट अशोकाचा ग्रीक व अरामी अशा दोन भाषांतील शिलालेख सापडला. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील या लेखात 'धम्म' या शब्दासाठी ग्रीक भाषांतरकाराने 'एउसेबेइआ' हा शब्द योजला आहे. सॉक्रेटिसवरील 'आसेबेइआ'चा आरोप हा याच शब्दाचा नकार होय, आणि युथिफ्रोला पहिला प्रश्न विचारताना सॉक्रेटिस 'एउसेबेस' म्हणजे काय असेच विचारतो. म्हणजे 'धर्म' आणि 'एउसेबेइआ' यांची सांगड घालण्याचा प्रश्न आधुनिक प्राध्यापकांपुढे प्रथमच आलेला नाही. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका अनामिक लेखनिकाने तो आपल्या परीने सोडविला होता. त्याच्या उत्तरात धम्मातील प्राणिमात्रांविषयीच्या दयेचा अंश कितपत सामावला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पद्धतीच्या मर्यादा :

येथपर्यंतच्या विवेचनावरून ही पद्धती निर्दोष आहे, असा समज होऊ नये. तिच्या मर्यादा तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

पहिला धोका आपल्या संस्कृतज्ञानातूनच उद्भवतो. 'एस्ति' व 'अस्ति', 'दिदोमि' व 'ददामि', 'देदोर्क' व 'ददर्श' ही साम्ये पाहून अभ्यासक हुरळून जातो आणि ग्रीक 'थेऑस' म्हणजे संस्कृत 'देव' असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः या दोन शब्दांचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. 'द्यौः'शी नाते आहे ते 'झेउस' या नावाचे. शिवाय व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'भृ' धातूपासून आलेले मराठी 'भरणे' आज वाहून नेण्याचा अर्थ देत नाही, हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तत्त्वज्ञानाच्या वाचकाने भाषांतर आधीच वाचलेले असते. मूळ वाक्य समोर येताच त्याला ते 'कळते', परंतु ते कळणे अनेकदा आठवणे असते. व्याकरण लागले नसतानाही अर्थ लागल्याचा भास होतो. यावर जुनाच उपाय आहे : प्रत्येक वाक्याचा पदच्छेद व अन्वय लिहून काढणे आणि तो पूर्ण होईपर्यंत भाषांतर न उघडणे. प्रस्तुत लेखकाला प्रारंभी या शिस्तीने एका पानासाठी एक आठवडा लागत असे.

तिसरी मर्यादा भाषेच्या विस्ताराची आहे. केवळ प्लेटो वाचून ग्रीक आली असे म्हणता येत नाही. होमरची भाषा वेगळी, शोकांतिकांतील वृंदगीतांची भाषा वेगळी. ॲरिस्टॉटलचे गद्य तर इतके संक्षिप्त आहे की नवशिक्याला ते सूत्रवाङ्मयाप्रमाणे भाष्यावाचून उमगत नाही.

चौथा मुद्दा 'मूळ' या शब्दाचाच आहे. आपण जे मूळ म्हणून वाचतो ते संपादित असते. या संवादाचा समावेश असलेले, ऑक्सफर्ड येथील बोडलेयन ग्रंथालयात जतन केलेले प्रसिद्ध हस्तलिखित इ. स. ८९५ मधील आहे. म्हणजे प्लेटोच्या मृत्यूनंतर सुमारे साडेबाराशे वर्षांनी लिहिलेले. जॉन बर्नेट यांच्या १९०० मधील संहितेवर अनेक पिढ्या वाढल्या, आणि त्याच ग्रंथमालेत १९९५ मध्ये पहिल्या खंडाची नवी संहिता सिद्ध करावी लागली. मूळ ग्रंथाचे वाचनही अखेरीस कोणाच्या तरी निर्णयावर विसंबलेले असते.

पाचवा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ग्रीक येत नसताना तत्त्वज्ञान होतच नाही काय? थॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलवर जी भाष्ये रचली, ती लॅटिन भाषांतरांच्या, विशेषतः मोर्बेकच्या विल्यमने केलेल्या भाषांतरांच्या आधारे. मराठीत विंदा करंदीकरांनी 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' सिद्ध केले आणि त्याचा लाभ आपल्या समीक्षेला झाला. म्हणून 'मूळ भाषेशिवाय ज्ञान नाही' ही भूमिका अहंकाराची ठरेल. भाषांतरावर तत्त्वज्ञान उभे राहू शकते. परंतु कोणता युक्तिवाद विचाराचा आहे आणि कोणती अडचण केवळ भाषांतराची आहे, हे ठरविण्यासाठी कोणीतरी मूळापर्यंत गेलेले असावे लागते. ते काम सर्वस्वी इतर देशांतील अभ्यासकांवर सोपवावे काय, एवढाच प्रश्न आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून ग्रीक शिकणे ही पद्धती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकासाठी योग्य आहे, मात्र रूपावलीचे पाठांतर तिने टळत नाही. व्याकरण ग्रंथाबरोबर शिकावे, ग्रंथाऐवजी नव्हे आणि ग्रंथ व्याकरणाऐवजी नव्हे.

२) 'युथिफ्रो'मधील मध्यवर्ती युक्तिवाद क्रियापद व धातुसाधित यांच्या भेदावर उभा आहे. त्याचे व्याकरण न कळता तो शिकविणे म्हणजे निष्कर्ष सांगून कारण वगळणे होय.

३) संस्कृतचे प्राथमिक ज्ञान असलेल्या मराठी विद्यार्थ्याजवळ कर्मणि धातुसाधित, आत्मनेपद, द्विवचन या ग्रीक संकल्पनांची पूर्वतयारी असते. फ, थ, ख हे प्राचीन ग्रीकचे महाप्राण ध्वनीही त्याच्या जिभेवर आधीपासूनच असतात. या पूर्वतयारीचा उपयोग आपण करून घेतलेला नाही.

४) ग्रीक ग्रंथांचे मराठीकरण इंग्रजीच्या मध्यस्थीने करताना इंग्रजीच्या मर्यादा मराठीवर लादल्या जातात. 'थेरापेइआ' आणि 'सेवा' यांचे उदाहरण या दृष्टीने पुरेसे बोलके आहे.

५) संस्कृत व तत्त्वज्ञान या विभागांनी एकत्र येऊन एखादा लहान संवाद वर्षभर वाचण्याचा उपक्रम केल्यास त्यास फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. एक संहिता, एक शब्दकोश, एक व्याकरण आणि आठवड्याचे दोन तास पुरेसे आहेत.

ज्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातून हा शोध सुरू झाला, ती पदवी घेऊन महाविद्यालयातून बाहेर पडली आहे. तिला वेळेवर उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या तुकड्यांना तो युक्तिवाद शिकविताना प्रथम फळ्यावर 'दृश्यते' आणि 'दृश्यमानम्' हे दोन शब्द लिहिले जातात, त्यांखाली ग्रीक शब्द देवनागरीत लिहिले जातात आणि मगच सॉक्रेटिसचा प्रश्न विचारला जातो. दोन्ही वाक्ये एकच नाहीत का, असे अजूनही कोणीतरी विचारते. आता त्या प्रश्नापासूनच तासाला प्रारंभ होतो.